रेशमी कान

त्या मुलखात गाणं एकच होतं, आणि ते कड्याचं होतं. सूर्य कलला की दरीतून वारा चढायचा, कड्याच्या भेगेत शिरायचा, आणि पहिली चांदणी दिसेपर्यंत कडा गात राहायचा. कड्याजवळ जाणं कुणाला जमत नसे. पायथ्याशी निवडुंग होता आणि वर नुसतं निसरडं. म्हणून ज्याच्या त्याच्या बिळापर्यंत वेळूच्या पोकळ नळ्या एकीला एक जोडत आणल्या होत्या. नळीच्या तोंडाशी कान लावून बसलं की गाणं घरात. एवढं सुख त्या मुलखाला होतं, पण सुख मिळालं म्हणून गप्प बसतील तर ते प्राणी कसले.

भांडण नळीवरून होतं. एक होते कानवाले. सांध्यावर मध चोळला की सूर गोड होतो, चांदण्यात ठेवलेला दगड नळीखाली सरकवला की खर्ज खोल जातो, असं ते छातीठोकपणे सांगत. दुसरे होते मापवाले. नळी किती लांब, पोकळी किती रुंद, मध्ये कुठे बुजलंय का, एवढंच त्यांच्या लेखी खरं. बाकी सगळ्या थापा. गाणं दोघांनाही आवडायचं, हे सांगायला हवं, कारण त्यांचं बोलणं ऐकून ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

वाद चालायचा नदीकाठच्या गाळाच्या भिंतीवर. ओल्या गाळात नखानं ओरखडून लिहायचं आणि खाली पंजाचा ठसा उमटवायचा, अशी रीत होती. भिंतीवर कुणाचं तोंड दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. वाटेत भेटल्यावर "काय, बरंय ना?" म्हणून अदबीनं बाजूला होणारे प्राणी भिंतीवर एकमेकांची अक्कल काढायचे, आईबाप काढायचे, आणि परतताना पुन्हा "बरंय ना?" म्हणायचे. आधी हे सकाळचं काम होतं. पुढे दुपारही त्यात जाऊ लागली. मग कडा गायला लागला तरी भिंतीपाशी गर्दी हटेना.

मापवाल्यांमध्ये एक साळिंदर होता. अक्षर सुबक यावं म्हणून तो नखानं लिहीत नसे. पाठीवरचा काटा उपटायचा आणि त्यानं लिहायचं. रेघ कशी बारीक, सरळ, खोल. त्यावरून भिंतीवर त्याला सगळे काटेकोर म्हणत. हे नाव त्याला मनातून फार आवडायचं, वरवर तो "उगाच आपलं काहीतरी" म्हणायचा. चार ओळींत एक काटा बोथट होई. मग दुसरा. बोथट काटे तो चेल्यांना वाटून टाकी, आणि ते दगडावर घासून पुन्हा टोकदार करत. त्यामुळे मापवाल्यांचं सगळं लिखाण एकाच हातचं वाटे.

त्याची सुरुवात चांगल्या कारणानं झाली होती, हे नाकारता येत नाही. एका खारीनं हिवाळ्यासाठी साठवलेले सगळे दाणे एका चांदण्यातल्या दगडापायी द्यायचे ठरवले होते. काटेकोरानं तिच्या नळीत डोकावून पाहिलं, आत अडकलेलं पान काढलं, आणि गाणं मोकळं झालं. खार रडली. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं. पुढे ते बरं वाटणं त्याला रोज लागायला लागलं, आणि रोज खार कुठून आणायची? मग तो भिंतीवर मूर्ख शोधत फिरू लागला.

अशात एका सकाळी भिंतीवर एक अनोळखी, वाकडंतिकडं अक्षर उमटलं. लिहिणारा होता एक म्हातारा खवल्या मांजर. टेकडीपलीकडे एकटाच राहायचा, त्याला सगळे तात्या म्हणत. त्यानं लिहिलं होतं:

"आमची कारभारीण म्हणायची, गाणं संपायच्या आधी कडा एकदा श्वास घेतो. ती माझा पंजा दाबायची आणि म्हणायची, ऐकलंत? मला काही ऐकू यायचं नाही. मी आपला हो हो म्हणायचो. ती जाऊन तीन पावसाळे झाले. परवा कोळीणबाईंकडून रेशमाचा धागा आणला, सांध्यावर बांधला, आणि काल श्वास ऐकला. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून कळवलं."

कोळीणबाई म्हणजे चिंचेच्या ढोलीत जाळं विणून बसणारी कोळीण. जाळ्याचाच धागा ती रेशीम म्हणून द्यायची, आणि मोबदल्यात ज्याच्या अंगावर जे असेल ते घ्यायची. तात्यानं पाठीवरचा एक खवला दिला होता.

काटेकोरानं हे सगळं वाचलं, पण त्याच्या डोळ्यांत भरला एकच शब्द. रेशीम. त्यानं ताजा काटा उपटला आणि खाली दोनच शब्द लिहिले: "रेशमी कान."

बास. ते दोन शब्द गवताला आग लागावी तसे पसरले. त्या दिवसापासून कुणी कुठल्याही सुराबद्दल काही बरं बोललं की खाली ठरलेलं: रेशमी कान. कानवाल्यांमधलेसुद्धा काही जण ते म्हणून हसू लागले, म्हणजे आपण त्यातले नव्हेत हे दिसावं. काटेकोर दिवसातून तीनदा भिंतीपाशी जाऊन आपला शब्द कुठे कुठे पोहोचला ते पाहून यायचा.

तात्याला चेष्टा कळली नसावी. त्यानं खाली साधेपणानं लिहिलं, "अरे बाबा, तू एकदा येऊन ऐक की. चहूबाजूंनी शांत आहे माझ्याकडे. जेवूनच जा." काटेकोरानं उत्तर दिलं, "मी ऐकून काय उपयोग? पडदा लावू. तुम्हीच ऐका आणि धागा आहे की नाही ते ओळखून दाखवा." तात्या हो म्हणाला. त्याला खात्री होती, आणि पाहुणे येणार याचा आनंदही होता.

ठरल्या दिवशी टेकडीपलीकडे अर्धा मुलूख लोटला. तात्यानं अंगण झाडून ठेवलं होतं. सगळ्यांना पुरतील एवढी वारुळाची माती आणि मुंग्यांची अंडी पानांवर मांडून ठेवली होती. त्यांना कुणी हात लावला नाही. काटेकोरानं केळीच्या वाळक्या पानांचा पडदा बांधला: पलीकडे तात्या नळीच्या तोंडाशी, अलीकडे सांधा आणि काटेकोर. फणसाची एक आठळी अर्धी सोललेली. ती फेकायची, सोललेली बाजू वर आली तर धागा बांधायचा, नाही तर नाही. वीस आकडे मोजेपर्यंत तात्यानं ऐकायचं आणि सांगायचं, आहे की नाही. अशा दहा खेपा. याच्याइतकं न्याय्य त्या मुलखात कधी काही झालं नव्हतं.

पडदा ओढताना काटेकोराला तात्याची पाठ दिसली. खवल्यांच्या रांगेत एका ठिकाणी जागा उघडी होती, गुलाबी आणि मऊ. त्यानं नजर चटकन आठळीकडे वळवली.

कडा गायला लागला. पहिल्या खेपेला तात्या म्हणाला, "आहे." नव्हता. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "आहे." होता. तिसरी चुकली. चौथीनंतर त्यानं पडद्यामागून विचारलं, "जरा जास्त वेळ ऐकू देता येईल का रे? ते शेवटी शेवटी येतं." काटेकोर म्हणाला, "सगळ्या खेपांना सारखाच वेळ, तात्या. नाही तर मापाला अर्थ काय?" हे बोलणं जमलेल्यांना फार पटलं. नऊ खेपा झाल्या, त्यांतल्या चार बरोबर. एवढ्या तर आठळीच्याही आल्या असत्या, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

दहावी खेप गाण्याच्या शेवटाला आली. हशा थांबत नव्हता. कोल्हा तर लोळत होता. तात्यानं पडद्याच्या वरून पंजा उंच केला. सगळ्यांना वाटलं म्हातारा हरला, शरण आला, आणि हसणं दुप्पट झालं. काटेकोरानं वीस मोजले आणि गाळाच्या पाटीवर दहाव्या खेपेपुढे लिहिलं: उत्तर नाही. पंजा बराच वेळ वर होता. मग खाली गेला. पडदा काढला तेव्हा तिथे खवल्यांचा एक घट्ट गोळा होता, आणि त्याला तोंड कुठे, शेपूट कुठे ते कळत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस काटेकोराचे होते. लांबलांबून बोलावणी आली. भिंतीवर तो निकाल त्यानं पुरा मांडला, एकेका खेपेसकट, आणि खाली इतके पंजे उमटले की गाळ सपाट झाला. मधूनच त्याला ती गुलाबी जागा आठवायची. मग तो नवा काटा उपटून काहीतरी लिहायला घ्यायचा.

एका दुपारी कोळीणबाईची खोड मोडायची म्हणून तो चिंचेखाली गेला. ढोलीच्या तोंडाशी तीन खवले दोरीत ओवून टांगलेले होते. वाऱ्यानं ते एकमेकांवर आपटत होते.

"एकच दिला होता त्यानं," काटेकोर म्हणाला.

"तुमच्या त्या खेळानंतर आणखी दोनदा येऊन गेला." कोळीण धागा सोडता सोडता बोलली. "म्हणाला, जाड धागा द्या, पातळ धागा द्या, मला सराव करायचाय. रोज संध्याकाळी आपलं आपण बांधतो, सोडतो, ओळखतो. तुझीच कृपा. इतकं पक्कं गिऱ्हाईक मला मधवाल्यांनीसुद्धा कधी मिळवून दिलं नाही."

"लाज वाटत नाही फसवायला?"

"मी कुठे म्हटलं श्वास ऐकू येईल? ते त्याचं तो म्हणाला. मी धागा दिला." मग तिनं आठही डोळे त्याच्यावर लावले. "बरं, तू एवढा मापवाला. गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलंयस का रे?"

काटेकोराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तावातावानं घरी निघाला. आज बसायचं, अखेरपर्यंत ऐकायचं, आणि उद्या भिंतीवर लिहायचं की श्वासबीस काही नाही, म्हणजे ही बया कायमची गप्प बसेल. सूर्य कलला तसा तो आपल्या नळीशी गेला आणि कान लावला. काही नाही. गाणं सुरू झालंय हे बाहेरच्या वाऱ्यावरून कळत होतं, पण नळी मुकी. त्यानं काटा आत खुपसला, तर सांध्यापाशी कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं. एक नव्हे, एकावर एक चार. सगळ्यात आतलं तर इतकं जुनं की बोट लावताच भुगा झाला.

त्यानं मोजून पाहिलं आणि मोजल्याचा पश्चात्ताप झाला. चार हंगाम. मुलखातल्या प्रत्येकाची नळी तपासत फिरणाऱ्यानं चार हंगाम स्वतःच्या नळीला कान लावला नव्हता. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यानं मागे वळून बघितलं आणि तो मातीचा भुगा पायानं गवतात सारला.

मग तो बसला. पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आकडेच चालू होते. थोड्या वेळानं ते दमले. कडा वर चढला, खाली आला, एक सूर इतका लांब धरला की काटेकोराला त्याची आई आठवली. लहानपणी ती त्याला याच सुरावर निजवायची, आपले काटे मिटून. त्यानं किती तरी दिवसांत तिची आठवण काढली नव्हती. आणि मग शेवटच्या खर्जाआधी, सगळं थांबल्यासारखं झालं असताना, नळीतून ते आलं. चढण चढून आलेली म्हातारी उंबऱ्यावर टेकताना घेते तसा, लांब, थकलेला, समाधानाचा एक श्वास.

सांध्यावर धागा नव्हता. मध नव्हता, दगड नव्हता. श्वास होता. तो रोज होता. त्या दहाव्या खेपेलाही तो आलाच असणार, आणि त्याच वेळी एक म्हातारा पंजा वर करून सगळ्यांना सांगत होता, जरा गप्प बसा.

काटेकोर रात्रभर बिळाबाहेर आला नाही. आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण धाग्याचं त्याचं म्हणणं खरं होतं, आकडे खरे होते, आणि तरी त्याला स्वतःकडे बघवत नव्हतं. दहा खेपांत त्यानं म्हाताऱ्याला धागा आहे का, एवढंच विचारलं होतं. काय ऐकू येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी तो भिंतीपाशी गेला. पाठीवर पंजा फिरवला तर काटा लागेना. इकडे नाही, तिकडे नाही. लिहिता लिहिता पाठ कधी उघडी पडली ते त्याला कळलंच नव्हतं. शेपटीजवळ एक आखूड काटा सापडला. तो उपटून त्यानं लिहिलं: "धागा खोटा आहे. श्वास खरा आहे. मी काल ऐकला. तात्यांची मी क्षमा मागतो." खाली ठसा उमटवला.

नदीवर पाणी पिऊन येईपर्यंत खाली उत्तर आलं होतं. दोनच शब्द. बारीक, सरळ, खोल रेघ. घासून पुन्हा टोकदार केलेल्या त्याच्याच काट्यानं ओढलेली. "रेशमी कान." आणि त्याखाली पंजे, पंजे, पंजे. त्यातले बरेचसे त्याला ओळखीचे होते. कुणी विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की हे अक्षर माझंच आहे.

वाटेत चेले भेटले. "काय, बरंय ना?" म्हणाले आणि अदबीनं बाजूला झाले.

संध्याकाळ व्हायच्या आत तो टेकडी ओलांडून गेला. तात्याचं अंगण आता झाडलेलं नव्हतं. सगळ्या जमिनीवर ओरखडे होते, दहा-दहाच्या रांगा, बरोबर, चूक, चूक, बरोबर. पाय ठेवायला जागा नव्हती. पानांवर मांडलेली अंडी तशीच सुकून पडली होती. नळीपाशी तात्या काहीतरी सोडत होता. त्याच्या पाठीवर आता तीन जागा उघड्या होत्या.

"तात्या," काटेकोर म्हणाला. पुढचे शब्द त्यानं वाटेत दहा वेळा जुळवले होते, त्यांतला आता एकही येईना. "तात्या, माझं चुकलं."

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. घाईघाईनं उठला. पूर्वी त्याला अरे बाबा म्हणणारा तात्या म्हणाला, "या, या. तुम्ही याल असं वाटलंच होतं मला. दहावी खेप राहिली होती ना?"

"नाही तात्या, ते सोडा. श्वास आहे. मी स्वतः ऐकला, बिनधाग्याचा. तुमच्या कारभारणीला ऐकू यायचा तोच. आपण दोघं बसून नुसतं—"

"तसं नको." तात्यानं कोपऱ्यातला केळीच्या पानांचा पडदा आणला. तो त्यानं जपून ठेवला होता. फाटला होता तिथे गवतानं शिवलाही होता. आपल्या हातानं तो त्यानं दोघांच्या मध्ये बांधला. "आधी सांगितलं तर मापाला अर्थ काय, तुम्हीच म्हणाला होतात. धागा तिथे दगडावर आहे. बांधा किंवा नका बांधू, पण मला कळू देऊ नका. आता बरंच जमतं मला. परवा सहा आल्या."

पडद्यापलीकडे तो बसल्याचा आवाज झाला. काटेकोरानं धाग्याला हात लावला नाही. सांध्याला कान लावून तो तिथेच जमिनीवर टेकला, त्या सगळ्या बरोबर-चूकच्या रांगांवर.

कडा गायला लागला. आज तो फार सुंदर गात होता. काटेकोरानं मोजलं नाही, थांबवलं नाही; सबंध गाणं जाऊ दिलं, वरचे सूर, तो लांब धरलेला सूर, उतार. शेवट जवळ आला. खर्जाआधी सगळं थांबलं. काटेकोरानं श्वास रोखला आणि पंजा उंच केला, पडद्यापलीकडून दिसणार नाही हे ठाऊक असूनही.

"नाही," तात्या मोठ्यानं म्हणाला. "धागा नाही. बरोबर आलं ना?"

त्याच्या बोलण्याखालून ते लांब, थकलेलं काहीतरी नळीतून येऊन निघून गेलं. मग खर्ज लागला, आणि चांदणी दिसली. काटेकोराचा पंजा तसाच वर होता.

"सांगा ना," पडद्याआडून आवाज आला. "बरोबर आलं ना?"